शस्त्रक्रियेआधीचे ताट

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची ठरते, तेव्हा घरचे लोक सर्जनचे नाव, रुग्णालयाचा लौकिक आणि खर्चाचा आकडा विचारतात. हे प्रश्न योग्यच आहेत. पण हा माणूस गेले सहा महिने काय जेवला, किती जेवला, हे फारसे कोणी विचारत नाही. बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर तो उठून घरी चालत येईल की नाही, हे ठरवण्यात त्या सहा महिन्यांच्या जेवणाचा वाटा मोठा असतो. सरकारी योजना शस्त्रक्रियेचे पैसे देतात, डायलिसिसचे देतात, औषधांचेही काही प्रमाणात देतात. जेवणाचे मात्र कोणीच देत नाही. आजचा आमचा मुद्दा हाच आहे, आणि तो दिग्गीसारख्या गावापासून मांडला तर नीट कळतो.

दिग्गी हे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीजवळ सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. काळी नदीचा उगम याच परिसरातला. पुढे याच नदीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणे झाली, काठावर कैगाचा अणुवीज प्रकल्प उभा राहिला. सुप्याच्या धरणात जुने तालुक्याचे गाव बुडाले आणि कचेऱ्या जोयड्याला गेल्या. भोवताली काळी व्याघ्र प्रकल्पाचे दाट रान, पांगलेल्या वाड्या, बहुतांश कुणबी वस्ती. घरात बोली कोकणी-मराठी, कचेरीत कन्नड. भात, नाचणी, नारळ, फणस आणि जमिनीखाली पिकणारे नाना तऱ्हेचे कंद, ही इथली अन्नाची श्रीमंती. जोयड्याचे कुणबी कंदमुळांसाठी ओळखले जातात आणि त्यांचा मेळाही भरतो.

अशा गावातल्या कोणाची मूत्रपिंडे निकामी झाली, तर त्याला आठवड्यातून दोनदा, खरे म्हणजे तीनदा, डायलिसिससाठी तालुक्याच्या किंवा त्याहून मोठ्या गावी जावे लागते. एका वेळी चार तास यंत्राला, शिवाय जाणे-येणे. म्हणजे प्रत्येक खेपेला अख्खा दिवस मोडतो. सोबत घरातले एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. पावसाळ्यात ओढे भरतात, गाडी येत नाही, एखादी खेप चुकते. खेप चुकली की रक्तात विषारी द्रव्ये साठतात, मळमळते, तोंडाची चव जाते, अन्न नकोसे होते. जेवण घटले की अंगातले मांस झडते. मांस झडले की शरीराची झीज भरून काढण्याची ताकद जाते. मग एके दिवशी छातीत दुखते, अँजिओग्राफी होते, तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे सापडतात आणि सर्जन केसपेपरवर लिहितो, जोखीम जास्त. ही जोखीम त्या तुटलेल्या रस्त्यावर आणि अर्ध्या ताटावर साठत आलेली असते.

मूत्रपिंडाच्या आजारात हृदय का बिघडते, हे थोडक्यात समजून घ्यायला हवे. मूत्रपिंडे थकली की अंगात पाणी आणि मीठ साठते, रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू जाडावतो. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा तोल ढळतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांत चुना साचू लागतो. रक्त कमी होते, अंगात दाह सतत राहतो. निम्म्याहून अधिक वेळा मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आधीपासूनच असतो. म्हणूनच डायलिसिसवरच्या माणसांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हेच आहे.

अशा हृदयाची शस्त्रक्रिया सोपी नसते. अमेरिकेत २००० ते २००३ या काळात बायपास झालेल्या पावणेपाच लाखांहून अधिक रुग्णांची नोंद २००६ साली तपासली गेली. मूत्रपिंडे ठीक असलेल्यांत शस्त्रक्रियेच्या काळातले मृत्यू १.३ टक्के होते, डायलिसिसवरच्यांत ९ टक्के. म्हणजे धोका जवळपास सातपट. हा आकडा घाबरवतो, पण तो दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे. शंभरातले एक्याण्णव जण त्या टप्प्यातून जगले. डायलिसिसवर आहे म्हणून हृदयाचा उपचारच नको, असे म्हणणे त्या एक्याण्णव जणांवर अन्याय करणारे आहे. खरा प्रश्न असा की नऊ जणांत कोण जातो आणि एक्याण्णव जणांत कोण राहतो. वय, मधुमेह, हृदयाची ताकद, शस्त्रक्रिया तातडीची की ठरवून केलेली, ही कारणे आहेतच. यांतली बहुतेक बदलता येत नाहीत. पोषण हे त्यातल्या त्यात बदलता येण्याजोगे कारण आहे.

रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन या गोष्टीची खूण म्हणून मोजले जाते. १९९० साली लॉरी आणि ल्यू या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नेहमीच्या रक्ततपासण्या पडताळल्या. ज्यांचे अल्ब्युमिन कमी, त्यांचा मृत्यूचा धोका झपाट्याने वाढतो, असे त्यांना स्पष्ट दिसले. हृदयशस्त्रक्रियेच्या बाजूनेही तेच हाती आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात कमी अल्ब्युमिन आणि उंचीच्या मानाने कमी वजन या दोन गोष्टी शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूशी आणि गुंतागुंतीशी जोडलेल्या आढळल्या. २००८ साली मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने या खंगण्याला स्वतंत्र नाव दिले आणि त्याचे निकष ठरवले: अल्ब्युमिन दर डेसिलिटरला ३.८ ग्रॅमच्या खाली, घटते वजन, झडते स्नायू, अपुरा आहार.

कारण उघड आहे. बायपाससाठी छातीचे हाड मधोमध कापून पुन्हा तारेने बांधतात. ते हाड सांधायला, पायातून शीर काढल्याची जखम भरायला, फुप्फुसात कफ साठू नये म्हणून जोर लावून खोकायला, जंतूंशी लढायला प्रथिने लागतात आणि स्नायू लागतात. खंगलेल्या माणसाकडे दोन्ही नसतात. मग जखम चिघळते, व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही, आठवड्याचा मुक्काम महिन्यावर जातो. सर्जनचा हात कितीही कसलेला असो, ही उणीव टाक्यांनी भरून निघत नाही.

आता गाठ पडते ती पथ्याशी. मूत्रपिंडाचा आजार डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात असतो, तेव्हा डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात. डाळ कमी, मासे कमी, अंडी बंद. त्या टप्प्यावर हा सल्ला शास्त्राला धरून आहे; उरलेल्या मूत्रपिंडावरचा ताण त्याने हलका होतो. पण डायलिसिस सुरू झाल्या दिवसापासून हिशेब फिरतो. यंत्र प्रत्येक खेपेला रक्तातून कचऱ्याबरोबर सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लेही ओढून नेते. म्हणून २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की डायलिसिसवरच्या माणसाने दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३५ कॅलरी घ्याव्यात. आधीच्या टप्प्यात सांगितलेले प्रमाण याच्या जेमतेम निम्मे असते.

हा बदल कोणीतरी घरच्यांना बसवून सांगायला हवा. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो सांगायचा राहतो. मग घरातली बाई निष्ठेने जुनेच पथ्य चालवते. नवऱ्यासाठी वेगळी पातळ पेज, बिनडाळीचा भात, ताटात ना मासा ना अंडे. तिच्या मायेत काडीची कसूर नसते आणि त्याच ताटावर माणूस खंगत जातो. या गोष्टीचा दोष त्या घराला देता येणार नाही. ज्या व्यवस्थेने पथ्य लावले, ते उतरवण्याची जबाबदारीही तिचीच आहे.

साधा हिशेब मांडून पाहावा. पन्नास किलो वजनाच्या माणसाला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. तीनशे ग्रॅम तांदळाचा भात आणि पेज यांतून एकवीस ते चोवीस ग्रॅम मिळतात, तेही माणूस तितके जेवला तर. मूठभर कुळथाच्या पिठीतून सहा-सात ग्रॅम. एकूण तीसच्या आसपास. निम्मे ताट रिकामेच राहिले. दोन अंडी घातली तर बारा ग्रॅम वाढतात, शंभर ग्रॅम ताजा बांगडा किंवा नदीचा मासा घातला तर आणखी अठरा-वीस. ताट भरले. यासाठी परदेशी पावडरीचा डबा लागत नाही. अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिन उत्तम आणि फॉस्फरस अगदी थोडा असतो, म्हणून या रुग्णांसाठी त्याच्याइतके सोयीचे अन्न दुसरे नाही. अंडे न खाणाऱ्या घरात ताजे पनीर, दही आणि डाळी यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाने रक्ततपासणी पाहून ठरवावे लागते. तेही जमते, थोडी जास्त देखरेख लागते इतकेच.

पण नुसते ‘भरपूर खा’ म्हणणेही घातकच. डायलिसिसवरच्या माणसाला पोटॅशियम सांभाळावे लागते. ते चढले तर हृदय एकाएकी थांबू शकते. आणि इथेच शहरात छापलेला आहारतक्ता जोयड्यात निरुपयोगी ठरतो. त्यात सफरचंद आणि ब्रेड लिहिलेले असते. करांदे, कणगरे, सुरण, माडी यांचे नावही नसते. या कंदांत शंभर ग्रॅममागे पाचशे ते आठशे मिलिग्रॅमपर्यंत पोटॅशियम असू शकते. डायलिसिसवरच्या माणसाची दिवसाची मर्यादा सर्वसाधारणपणे दोन-अडीच हजार मिलिग्रॅमची धरतात. मग कंद कायमचे बंद करायचे का? कुणबी घरात कंद बंद म्हणजे वर्षातले कित्येक आठवडे जेवणच बंद. साल काढून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकले तर पोटॅशियम बरेच उतरते. ही कृती दोनदा केली तर आणखी उतरते. थोड्या प्रमाणात, रक्ततपासणीवर लक्ष ठेवून, कंद ताटात राहू शकतात. भाजलेल्या कंदाला ही सोय नाही. शहाळ्याचे पाणी, फणसाचे गरे आणि आठळ्या, सुकवलेली फळे यांनाही हात आखडता हवा.

मिठाचेही तसेच. दिवसाला जास्तीत जास्त पाच-सहा ग्रॅम मीठ म्हणजे एक सपाट चमचा. सुके मासे, खारवलेल्या कैऱ्या, लोणचे, पापड यांनी ही मर्यादा एका जेवणात ओलांडली जाते. मग तहान, मग पाणी, मग सूज, मग रात्र बसून काढायची. बाजारात ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणारे मीठ या रुग्णांनी मुळीच घेऊ नये, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. आणि एका फळाबद्दल तर घरोघर सांगितले पाहिजे. कमरख, ज्याला या पट्ट्यात करमल म्हणतात, ते निरोगी माणसाने चवीला खाल्ले तर बहुधा काही होत नाही. मूत्रपिंडे गेलेल्या माणसाला मात्र ते विष ठरू शकते. त्यातले कॅरँबॉक्सिन हे द्रव्य ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये वेगळे काढून दाखवले. न थांबणारी उचकी, बरळणे, झटके, आणि वेळेत डायलिसिस न मिळाल्यास मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. परसात करमलाचे झाड असलेल्या घरात हे ठाऊक असणे कोणत्याही महागड्या औषधाइतके मोलाचे आहे.

कोण किती खंगला आहे, हे ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. फ्रान्समध्ये २००५ साली वृद्धांसाठी मांडलेले एक सोपे सूत्र पुढे जपानी डॉक्टरांनी डायलिसिस रुग्णांसाठी पारखून घेतले. दर लिटर रक्तद्रवातले अल्ब्युमिन ग्रॅममध्ये घेऊन १.४८९ ने गुणायचे. प्रत्यक्ष वजनाला उंचीनुसार योग्य वजनाने भागून ४१.७ ने गुणायचे. दोन्हींची बेरीज. ९८ च्या वर असेल तर काळजी नाही, ९२ च्या खाली धोका मध्यम, ८२ च्या खाली धोका मोठा. पाच फूट तीन इंच उंचीचा, योग्य वजन ५६ किलो असायला हवे असा एक माणूस धरा. त्याचे वजन ४२ किलो आणि अल्ब्युमिन ३० असेल तर बेरीज ७६ येते. त्याचेच वजन ४८ झाले आणि अल्ब्युमिन ३८ झाले तर बेरीज ९२ वर जाते. सहा किलो वजन आणि थोडे अल्ब्युमिन, एवढ्यावर तो सर्वांत धोक्याच्या गटातून बाहेर येतो. डायलिसिस केंद्रातली परिचारिका हा हिशेब मोबाइलवर दोन मिनिटांत करू शकते. अट एकच, वजन डायलिसिसनंतरचे, म्हणजे कोरडे वजन धरावे. पाण्याने फुगलेल्या अंगाचे वजन वाढलेले दिसते आणि फसवते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की अल्ब्युमिन फक्त अन्नाअभावी घटत नाही. डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीला झालेला जंतुसंसर्ग, हिरड्यांतला पू, जुनाट दाह, अपुरे डायलिसिस यांनीही ते उतरते. हे खरे आहे. म्हणूनच अल्ब्युमिन घटले की फक्त अंडी वाढवून भागणार नाही. कारण शोधले पाहिजे, नळीऐवजी हाताच्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला वेळेत केला पाहिजे, दात तपासले पाहिजेत, डायलिसिसच्या खेपा पूर्ण झाल्या पाहिजेत. पण त्यामुळे ताटाचे महत्त्व उणे होत नाही. दाह असलेल्या माणसाला तर जास्तच अन्न लागते.

दुसरा आक्षेप शस्त्रक्रियेबद्दलचा. प्रत्येक अडथळ्याला बायपास किंवा स्टेंट हवाच असे नाही. मूत्रपिंडाचा प्रगत आजार आणि स्थिर हृदयविकार असलेल्या ७७७ रुग्णांवर झालेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास हेच सांगतो. त्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण डायलिसिसवर होते. आधीच अँजिओग्राफी करून शस्त्रक्रिया किंवा स्टेंटकडे गेलेल्या गटाला औषधांवर ठेवलेल्या गटापेक्षा मृत्यू आणि हृदयविकाराच्या झटक्यांच्या बाबतीत फायदा झाला नाही. म्हणजे स्थिर दुखणे असेल तर घाई नको. हा निष्कर्ष आमच्या म्हणण्याला बळच देतो. घाई नसेल तर मिळालेला वेळ वाया का घालवायचा? त्या दोन-तीन महिन्यांत रुग्णाला खाऊ घालून, चालवून, संसर्ग काढून उभे करावे. पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर तो तयार असेल, आणि नाही लागली तर तसाही बरा जगेल. डाव्या मुख्य रक्तवाहिनीतला मोठा अडथळा किंवा पार आकसलेली झडप अशा प्रसंगी थांबता येत नाही. तिथे उरलेले आठ-दहा दिवसही आहारतज्ज्ञाच्या हाती द्यावेत. हृदयशस्त्रक्रियेच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांतही शस्त्रक्रियेआधी कुपोषण ओळखून ते दुरुस्त करावे, असे सांगितले आहे.

आता धोरणाकडे येऊ. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्या भाषणात सांगितले गेले होते की देशात दरवर्षी मूत्रपिंड निकामी झालेले सुमारे २ लाख २० हजार नवे रुग्ण वाढतात, एका खेपेचा खर्च दोन हजारांच्या घरात आणि वर्षाचा तीन लाखांहून अधिक जातो. त्यानंतर जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आणि गरिबांना डायलिसिस मोफत मिळू लागले. हे मोठे काम झाले, त्याचे मोल कमी लेखू नये. हृदयशस्त्रक्रियेसाठी कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे आणि २०२३ मध्ये ती सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू करण्याचा निर्णय झाला. इतक्या योजनांच्या कागदांत खंगलेल्या रुग्णाच्या ताटासाठी स्वतंत्र रकाना नाही. लाखो रुपयांची शस्त्रक्रिया मंजूर होते आणि ती यशस्वी व्हावी म्हणून आधी लागणारी रोजची दोन अंडी घरच्यांनी आपापली बघायची.

याला दाखला आपल्याच देशात आहे. क्षयरुग्णांना पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये थेट खात्यात मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम हजार झाली. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झारखंडमध्ये झालेला अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांच्या घरी धान्य-डाळीचा शिधा दिल्यावर कुटुंबातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले. क्षय आणि मूत्रपिंडविकार वेगळे आजार आहेत, एकाचे आकडे दुसऱ्याला लावता येत नाहीत. पण अन्न हे उपचाराचा भाग आहे आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा, हे तत्त्व आपण एकदा मान्य केले आहे. ते डायलिसिसच्या खाटेपर्यंत न्यायचे बाकी आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्याने आरोग्यासाठी आवाज उठवलेला आहे. जुलै २०२२ मध्ये होन्नावरहून रुग्णाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका शिरूरच्या टोलनाक्यावर आदळून चौघे दगावले, तेव्हा सुसज्ज रुग्णालयाची जुनी मागणी साऱ्या जिल्ह्यातून पुन्हा उसळली. कारवारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बेळगाव, हुबळी-धारवाड, मणिपाल किंवा गोव्याचे बांबोळी गाठावे लागते. ती मागणी रास्त आहे आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. मात्र उद्या हे रुग्णालय उभे राहिले, उत्तम सर्जन आले, तरी दिग्गीचा रुग्ण तिथे ४२ किलोचा होऊन पोहोचला तर त्याला त्या इमारतीचा लाभ अर्धाच मिळेल. म्हणून रुग्णालयाच्या मागणीसोबत काही लहान, स्वस्त आणि लगेच करता येण्याजोग्या मागण्या जोडायला हव्यात.

प्रत्येक डायलिसिस खेपेच्या वेळी रुग्णाला तिथेच दोन उकडलेली अंडी किंवा तितक्याच प्रथिनांचा शाकाहारी नाश्ता द्यावा. ज्याचा रक्तदाब डायलिसिसच्या वेळी फार खाली जातो, त्याला तो यंत्र सुटल्यावर द्यावा. दर महिन्याला अल्ब्युमिन आणि कोरडे वजन नोंदवून वर सांगितलेला हिशेब केसपेपरवर लिहावा आणि तो ९२ च्या खाली गेला की आहारतज्ज्ञाकडे पाठवणे सक्तीचे करावे. क्षयरुग्णांप्रमाणे पोषणभत्ता डायलिसिस रुग्णांनाही द्यावा. आहारतक्ता रुग्णाच्या बोलीत आणि त्याच्या शेतातल्या पिकांत लिहावा; जोयड्याच्या तक्त्यात करांदे, नाचणीची आंबील, कुळीथ, खारे मासे आणि करमल ही नावे असलीच पाहिजेत. येण्या-जाण्याचे भाडे द्यावे आणि पावसाळ्यात ज्यांची वाट बंद होते त्यांची मुक्कामाची सोय केंद्राजवळ करावी.

आणखी एक मार्ग आहे, पोटातून करायच्या डायलिसिसचा. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी भरायचे आणि काही तासांनी काढायचे, हे रुग्ण घरीच करतो. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून त्याच्यासाठीही मार्गदर्शक सूचना आहेत. दुर्गम वाडीतल्या माणसाला आठवड्याच्या खेपा यामुळे वाचतात. स्वच्छ जागा, शिकवलेला जोडीदार आणि पिशव्यांचा अखंड पुरवठा एवढे मात्र हवेच. यात प्रथिने रोजच पाण्याबरोबर जातात, त्यामुळे ताटाची गरज इथे आणखी वाढते. वाट कोणतीही धरा, प्रश्न पुन्हा अन्नापाशी येतो.

शेजारचा, गोव्यातला काणकोण तालुका हेही सावध व्हायचे कारण आहे. मधुमेह आणि रक्तदाबाची नेहमीची कारणे नसतानाही तिथे मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. गोव्यातील बिट्स पिलानीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिथल्या पाण्यातील सिलिका आणि शिसे यांच्याकडे बोट दाखवले. डोंगराच्या दोन्ही बाजूंना सरकारे वेगळी असली तरी माणसे, पाणी आणि कष्ट सारखेच आहेत. काणकोण, सांगे, जोयडा आणि कारवार या तालुक्यांत क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची गावोगाव तपासणी दोन्ही राज्यांनी मिळून करावी. आजार लवकर सापडला तर डायलिसिस लांबणीवर पडते आणि हृदयही वाचते.

सरकार करील तेव्हा करील. घराने आजपासून करावे. तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: अल्ब्युमिन किती आहे, कोरडे वजन तीन महिन्यांत किती घटले, आणि आता रोज किती प्रथिने द्यायची. डायलिसिसच्या आधी लावलेले पथ्य अजून चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारून बदला. खेप चुकवू नका. हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपर्यंतचा प्रत्येक दिवस रुग्णाला खाऊ घालण्याचा आणि चालवण्याचा दिवस समजा. आणि जोयडा-कारवारच्या लोकप्रतिनिधींना आमचे एकच सांगणे आहे: मोठे रुग्णालय आणाल तेव्हा आणा, त्याआधी प्रत्येक डायलिसिस खाटेवर दोन अंडी आणि रुग्णाला कळणाऱ्या भाषेतला एक कागद पोहोचवा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि पुढचा पावसाळा येण्याआधी हे होऊ शकते.